माहितीपटात विषय मागे, दिग्दर्शक पुढे: कटमध्ये कुठे घसरतं आणि कसं सावरायचं?

कात्री (धागाकर्ता)

एक उदाहरण धरून चालू, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. विषय: लाकडी होडी बांधणारा एक वयस्क सुतार. रफ कट (पहिली कच्ची जुळणी) ७० मिनिटांचा. सुरुवातीला दिग्दर्शक प्रवासात, खिडकीबाहेर बघतोय, वर त्याचंच निवेदन: होड्यांचं वेड कसं लागलं. मग तो चालत येतो, कॅमेरा त्याच्या पाठीमागून. सुतार नमस्कार करतो आणि लगेच कट होऊन पुन्हा दिग्दर्शकाचा भारावलेला चेहरा. सुतार पहिलं पूर्ण वाक्य बोलतो ते पाचव्या मिनिटाला.

असा कट पाहून "अहंकार" म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने टाइमलाइनवर (संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली शॉट मांडायची पट्टी) काहीच सुधारत नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: विषयाचं फुटेज कमी पडलंय. दोन सीन जोडायला मधे काही नाही, म्हणून दिग्दर्शक चालताना दाखवला जातो. सुताराचं उत्तर अर्धवट रेकॉर्ड झालंय, म्हणून निवेदनाने ते पूर्ण केलं जातं. भोक तिकडे, ठिगळ इकडे.

आधी मोजा. टाइमलाइनची प्रत काढा आणि चार रंगांचे मार्कर लावा: दिग्दर्शक दिसतो, त्याचं निवेदन ऐकू येतं, त्याचा प्रश्न किंवा हुंकार ऐकू येतो, आणि समोरचा माणूस त्याच्याबद्दल बोलतो. चौथा प्रकार सगळे विसरतात. "तुम्ही आलात म्हणून बरं वाटलं" हे वाक्य सुताराच्या तोंडी असलं तरी ते दिग्दर्शकाबद्दलच आहे.

सेकंदांची बेरीज करा, पण एकूण टक्केवारीवर फार विसंबू नका. मी तीन आकडे बघते. विषय पहिलं पूर्ण वाक्य कितव्या मिनिटाला बोलतो? त्याचं सर्वात लांब, न तोडलेलं बोलणं किती सेकंदांचं आहे? आणि किती सीन दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर किंवा आवाजावर संपतात? तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. सीनचा शेवटचा शॉट प्रेक्षकाला सांगतो की कुणाचं मन सोबत घेऊन पुढे जायचं. १५ पैकी ९ सीन दिग्दर्शकावर संपत असतील, तर फिल्म त्याची झाली, मग तो एकूण आठच मिनिटं का दिसेना.

ध्वनी, कॅमेरा, निवेदन सांभाळणाऱ्यांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

---

कानसेन

होडीचंच उदाहरण ध्वनीच्या बाजूने.

फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ घालतात आणि बोथट पात्याच्या छिन्नीने तो ठोकून बसवतात. पीळ सैल असतो तेव्हा लाकडी हातोड्याचा आवाज बद्द येतो. पीळ दबत गेला की तोच आवाज कोरडा, टणक, चढा होतो. फट नीट भरली का, हे जुना कारागीर कानाने ओळखतो. हा बदल २० ते ३० सेकंदांत घडतो. माझ्या मते त्या फिल्ममधलं सगळ्यात मोठं ज्ञान त्या अर्ध्या मिनिटात आहे.

आणि नेमकं तिथेच निवेदन येतं. "त्यांचे हात चालत होते आणि मी बघत राहिलो." मिक्समध्ये (सगळे ध्वनी एकत्र जुळवताना) निवेदन आलं की खालचा ध्वनी १० ते १२ डेसिबलनी खाली आणायचा, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ते ठोके कुणी ऐकलेलेच नसतात. दिग्दर्शकाने तिथे फ्रेममध्ये पाऊलही टाकलेलं नाही, तरी सुताराचा कान पुसून स्वतःचा आवाज बसवलाय. कामाचा आवाज जिथे माहिती देतो तिथे तो दाबायचा नाही. निवेदन दहा सेकंद आधी संपवा किंवा नंतर सुरू करा.

आता चित्रीकरणाच्या वेळी काय चुकतं ते.

मुलाखतीत दिग्दर्शक "हं... अच्छा... बरोबर" करत राहतो. सौजन्य म्हणून ठीक, पण हे हुंकार उत्तराच्या शब्दांवर चढतात आणि मागाहून सहसा स्वच्छ वेगळे काढता येत नाहीत. मग संकलकाकडे दोनच वाटा उरतात: उत्तर टाकून द्यायचं, नाहीतर दिग्दर्शकाला दाखवायचं, म्हणजे हुंकार कुठून आला ते प्रेक्षकाला कळेल. कितीतरी फिल्ममध्ये दिग्दर्शक पडद्यावर आला तो या एका सवयीमुळे. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या, तोंड बंद ठेवा. उत्तर संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच पुढचा प्रश्न विचारा. त्या पाच सेकंदांच्या शांततेत माणूस पुष्कळदा खरं उत्तर द्यायला लागतो.

माइकची मांडणी: सुताराचा लॅपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) पहिल्या ट्रॅकवर, बूम (लांब दांडीवरचा माइक) दुसऱ्यावर. दिग्दर्शकाला माइक लावायचाच असेल तर तो तिसऱ्या, पूर्णपणे वेगळ्या ट्रॅकवर. सगळं एका ट्रॅकवर मिसळून घेऊ नका. दोन लॅपल एकमेकांजवळ चालू राहिले तर एकच आवाज दोन्हींत थोड्या अंतराने पोचतो आणि बोलणं पोकळ, डब्यातून आल्यासारखं लागतं. साधा हिशेब: माइक आपल्या माणसापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. जागा सोडण्याआधी ६० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, सगळ्यांना जागच्या जागी उभं करून. ती नसली की दिग्दर्शकाचा प्रश्न कापल्यावर तिथे भोक पडतं, आणि मग प्रश्न ठेवावासा वाटतो.

---

तिपाई

कॅमेऱ्याच्या बाजूने.

हातात कॅमेरा असलेला माणूस आवाजाच्या दिशेने वळतो, ती प्रतिक्षिप्त क्रियाच असते. दिग्दर्शकाने प्रश्न विचारला की लेन्स त्याच्याकडे, तो परत येईपर्यंत सुताराच्या चेहऱ्यावरचा विचार निघून गेलेला. म्हणून चित्रीकरणाआधी कॅमेरामनशी स्पष्ट ठरवावं: दिग्दर्शक बोलला तर फ्रेम हलवायची नाही. प्रश्न ऐकणारा चेहरा हा प्रश्न विचारणाऱ्या चेहऱ्यापेक्षा नेहमीच जास्त सांगतो.

दुसरं, कात्री म्हणतात तो तुटवडा. कामाच्या एका टप्प्यासाठी किमान एवढं हवं: पूर्ण जागा दाखवणारे दोन लांबचे शॉट वेगवेगळ्या बाजूंनी, हातांचे चार-पाच, हत्याराच्या टोकाचे दोन, काम करतानाचा चेहरा दोनदा, आणि काम थांबल्यावर चेहरा एकदा. प्रत्येक शॉट क्रिया संपल्यावरही दहा सेकंद धरून ठेवायचा. शिकाऊ माणूस हातोडा खाली ठेवला की कट करतो. हातोडा ठेवल्यावर सुतार तळव्याने फळी चाचपतो, ते राहून जातं. हा चाचपणारा तळवा हाताशी असेल तर दोन सीनच्या मधे दिग्दर्शकाला चालवावं लागत नाही.

मुलाखतीची बैठक: लेन्स समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, दिग्दर्शकाचं डोकं लेन्सला अगदी लागून, एकाच बाजूला. तो लांब बसला की नजर फ्रेमबाहेर फार तिरकी जाते आणि "तिथे कोण बसलंय?" हा प्रश्न प्रेक्षकाला पडत राहतो. न दिसणारा दिग्दर्शकसुद्धा असा जाणवू शकतो. लेन्समध्येच बघणारी नजर हवी असेल तर अर्धपारदर्शक आरसा लावून विचारणाऱ्याचा चेहरा लेन्सच्या जागी दाखवतात. टेलिप्रॉम्प्टरचंच तंत्र, फक्त अक्षरांऐवजी माणूस. काही जण त्याने मोकळे होतात, काही अगदी आखडतात. अर्धा तास आधी बसवून बघावं.

मुलाखत संपल्यावर दिग्दर्शकाचे मान डोलावतानाचे शॉट वेगळे घेऊन मधे पेरायची जुनी पद्धत आहे. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. समोर कुणी नसताना दिलेला तो प्रतिसाद आहे, आणि कापाकापी झाकायला त्याच्यापेक्षा सुताराचे हात केव्हाही चांगले.

---

उलट_तपासणी

वरचं सगळं तंत्र मान्य. पण या धाग्यात एक गृहीतक शिरतंय की दिग्दर्शक दिसला नाही म्हणजे विषयाला न्याय मिळाला. ते बरोबर नाही.

१९२२ चा, एका इन्युइट शिकाऱ्यावरचा "नानुक ऑफ द नॉर्थ" घ्या. रॉबर्ट फ्लॅहर्टी पडद्यावर कुठेच दिसत नाही. पण नायकाचं खरं नाव नानुक नव्हतं, अल्लाकारियाल्लाक होतं. बंदुका वापरात असताना शिकार भाल्याने करून दाखवली. इग्लूच्या आतलं दृश्य घ्यायला उजेड पुरेना म्हणून एका बाजूने उघडा असलेला इग्लू बांधला. सगळीकडे दिग्दर्शकाची इच्छा, आणि तो मात्र अदृश्य. यापेक्षा जो समोर येऊन "हे मी करायला सांगितलं" म्हणतो, तो प्रेक्षकाशी जास्त सरळ वागतो.

झाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रित केलेला "क्रॉनिक द्'अन एते" १९६१ मध्ये आला. त्यात दोघंही पडद्यावर आहेत, प्रश्न विचारताहेत. पण शेवटाकडे त्यांनी काय केलं? ज्यांना चित्रित केलं त्यांनाच फुटेज दाखवलं आणि त्यांची मतं चित्रित करून फिल्ममध्ये ठेवली. काही जणांना ते खोटं वाटलं, काहींना फारच उघडं. म्हणजे दिग्दर्शक समोर आले ते स्वतःला तपासायला देण्यासाठी.

माहितीपटाचे अभ्यासक बिल निकोल्स यांनी माहितीपटाच्या ज्या सहा पद्धती मांडल्या, त्यांत दिग्दर्शकाने विषयाशी थेट व्यवहार करणं ही एक पद्धत आहे, माहितीपट कसा घडतो यावर बोट ठेवणं ही दुसरी आणि स्वतःच्या अनुभवातून बोलणं ही तिसरी. तिन्ही रीतसर. म्हणून प्रश्न "दिसतो का?" हा नसून "कशासाठी दिसतो?" असा हवा.

काही गोष्टी तर काढणंच चूक आहे. दिग्दर्शकाने सुताराला पैसे दिले, लाकूड आणून दिलं, डॉक्टरकडे नेलं, आणि त्याने घटनाक्रम बदलला, तर ते फिल्ममध्ये आलंच पाहिजे. ते कापलं तर होडी पुरी कशी झाली हेच खोटं ठरतं.

---

कात्री

उलट_तपासणी, मुद्दा पटला आणि शीर्षकात तो सुटलाय हे मान्य. दिसणं हा दोष नाही.

मग कसोटी काय? मी अशी लावते. दिग्दर्शक असलेला शॉट बंद करून सीन बघायचा. विषयाबद्दलचं काही नाहीसं झालं का? झालं, तर शॉट परत. नुसती दिग्दर्शकाची भावना गेली असेल, तर शॉट बाहेरच.

कृती: टाइमलाइनची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. तिच्यात चारही रंगांचं सगळं काही बंद करा, पुसू नका. ७० चे बहुधा ४५ ते ५० मिनिटं उरतील आणि सगळीकडे भोकं दिसतील. हे सलग, न थांबवता बघा. जिथे कळायचं थांबलं तिथेच खूण करा. जिथे फक्त लय तुटली, तिथे खूण नको, लयीचं नंतर बघता येतं. मग परत आणताना क्रम असा: आधी विषयाचं न वापरलेलं फुटेज शोधा. ते नसेल तर साधी पाटी (पडद्यावर लिहिलेला मजकूर). तीही पुरत नसेल तर निवेदनाचं एक वाक्य. दिग्दर्शकाचं दर्शन सगळ्यात शेवटी.

पाटी किती वेळ ठेवायची हे नवखे विचारतात: मोठ्याने, निवांतपणे दोनदा वाचून होईल इतका वेळ. तीन सेकंदांपेक्षा कमी कधीच नाही.

बहुतेकदा पहिल्या दहा मिनिटांत फार थोडं परत येतं. मधल्या भागात थोडं जास्त. शेवटाकडे मात्र दिग्दर्शक परत घ्यावासा वाटतो, कारण निरोपाचा सीन. तिथे दोनदा विचार करा. सुतार निरोप देतो तो चित्रीकरणाला. होडीचं त्यात काहीच संपत नाही.

---

शब्दजोड

निवेदनावर सविस्तर लिहितो, कारण दिग्दर्शक सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो.

"मी" असलेलं प्रत्येक वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा. तीन गट पडतात. एक, माहिती: "मी पोचलो तेव्हा कणा बसवून झाला होता." दोन, स्थान: "ही लाकडं मी आणून दिली होती." तीन, भावना: "मी थक्क झालो." पहिल्या गटातला "मी" नुसता काढला तरी वाक्य उभं राहतं: "कणा बसवून झाला होता." दुसरा गट ठेवायचा, उलट_तपासणी यांनी दिलेल्या कारणासाठी. तिसरा गट जवळपास सगळा जातो. थक्क व्हायचं काम प्रेक्षकाचं. दिग्दर्शक आधीच थक्क झाला तर प्रेक्षकाला नुसतं मान डोलवणं उरतं.

आणखी एक चोरवाट असते: "मी" नसलेली, पण दिग्दर्शकाचीच वाक्यं. "या हातांनी किती पावसाळे पाहिले असतील!" हे सुताराला विचारलं तर तो आकडा सांगेल, शिवाय गेल्या पावसाळ्यात नेमकी कुठली फळी कुजली तेही सांगेल. विचारायचं राहिलं, म्हणून उद्गारचिन्ह आलं. निवेदनातली उद्गारवाचक वाक्यं मोजा. तितके प्रश्न मुलाखतीत राहून गेलेत असं खुशाल समजा.

लांबी: सावकाश वाचलेलं मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द घेतं. एखाद्या मिनिटाच्या सीनवर ९० शब्द असतील तर तिथे दुसरं काहीच ऐकू येत नाही. ४० शब्दांवर आणा, तेही दोन तुकड्यांत, मधे कामाचा आवाज.

निवेदन शेवटी लिहा. तात्पुरतं रेकॉर्ड करून त्यावर चित्र कापत बसलात तर चित्र निवेदनाचं नोकर होतं आणि मग वाक्य काढलं की सीनच कोसळतो. आधी आवाज पूर्ण बंद करून चित्र सलग बघावं, जे कळलं नाही तेवढ्याचंच वाक्य करावं.

प्रश्न विचारतानाच "उत्तरात प्रश्न गुंफून सांगा" ही विनंती सगळे करतात. ती अर्धीच कामी येते, माणूस पाठ केल्यासारखा बोलू लागतो. त्यापेक्षा प्रश्नच असा करावा की "हो" किंवा "नाही" म्हणून सुटताच येणार नाही. "फट भरली हे आवाजावरून कळतं का?" याला उत्तर "हो". "फट भरली हे कसं ओळखता?" याला उत्तर म्हणजे अख्खा सीन, आणि दिग्दर्शकाचा आवाज ठेवायची गरजच नाही.

---

नवा_गडी

दोन शंका. (१) विषय भेटायलाच तयार नसेल किंवा हयात नसेल तर? तेव्हा दिग्दर्शकाचा शोध हीच फिल्म होते ना? (२) निधीसाठी अर्ज करताना "हा विषय तुम्हीच का?" असं विचारतातच. मग फिल्ममध्ये ते नको कसं?

---

उलट_तपासणी

पहिल्या शंकेचं उत्तर: होते, पण शोधाला विषयाच्या बाजूने पुढे सरकावं लागतं. प्रत्येक बंद दारामागे एक नवी गोष्ट कळली पाहिजे. १९८९ च्या "रॉजर अँड मी" मध्ये मायकेल मूर एका मोटार कंपनीच्या अध्यक्षाला गाठायचा प्रयत्न करत राहतो. त्या पाठलागाच्या आसपास कारखाने बंद पडलेलं फ्लिंट शहर दिसत राहतं, म्हणून तो पाठलाग चालतो. त्याच फिल्मवर घटनांचा क्रम मागेपुढे केल्याबद्दल कडक टीकाही झाली, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिग्दर्शक नायक झाला की गोष्ट त्याच्या प्रवासाच्या क्रमाने रचायचा मोह होतो आणि तारखा वाकतात. उपाय साधा: भिंतीवर दोन पट्ट्या लावा, एक प्रत्यक्ष घटनांच्या तारखांची, दुसरी फिल्ममधल्या क्रमाची. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे पडद्यावर तारीख द्या.

ऐंशीच्या दशकातला "शर्मन्स मार्च" याच्याही पलीकडे जातो. रॉस मॅकएल्वी अमेरिकन यादवीतल्या जनरल शर्मनच्या मोहिमेवर फिल्म करायला निघतो, आणि ती त्याच्या स्वतःच्या प्रेमजीवनावरची फिल्म होते. पण ती हे लपवत नाही, विषय बदलल्याचं उघड सांगते. फसवणूक तेव्हा होते जेव्हा शीर्षक, पोस्टर आणि पहिला सीन सुताराचं वचन देतात आणि आत दिग्दर्शक निघतो. विषय बदलला असेल तर शीर्षकही बदलावं. माझ्या लेखी ते पूर्ण प्रामाणिक आहे.

---

कात्री

दुसरी शंका फार नेमकी आहे. बऱ्याच फिल्मचं मूळ दुखणं तिथेच सापडतं.

अर्जात दिग्दर्शकाचं निवेदन मागतात, त्यात स्वतःचं नातं सांगावंच लागतं. सोबत दोन-तीन मिनिटांचा टीझर. तो करताना फुटेज थोडंच असतं, म्हणून दिग्दर्शकाचा आवाज आणि चेहरा वापरून तो उभा केला जातो. टीझर आवडतो, निधी मिळतो, आणि मग अख्खी फिल्म त्या टीझरचा सांगाडा पुढे ओढत राहते. पहिला सीन तोच प्रवास, तोच आवाज. रफ कट सुरू करताना टीझरची टाइमलाइन उघडूच नका. "तुम्हीच का?" याचं उत्तर अर्जात पूर्ण द्या, तिथेच ते शोभतं.

आणि दिग्दर्शकच संकलक असेल तर निदान पहिली जुळणी दुसऱ्या कुणाला करू द्या, दोन आठवडे त्या खोलीत न जाता. त्या व्यक्तीला चित्रीकरणाचे कष्ट माहीत नसतात. पाच तास चालत जाऊन मिळवलेला शॉट तिला फक्त एक शॉट दिसतो.

---

तिपाई

रडण्याच्या प्रसंगांबद्दल कुणी बोललं नाही. सुतार मेलेल्या भावाबद्दल सांगतो, दिग्दर्शकाचे डोळे भरतात, दुसरा कॅमेरा त्याच्यावर असतो. हा शॉट कटमध्ये राहतोच राहतो, कुणाला तो काढवत नाही.

वर्नर हेरझोगचा "ग्रिझली मॅन" (२००५) याबाबतीत बारकाईने बघण्यासारखा आहे. टिमोथी ट्रेडवेल अस्वलाच्या हल्ल्यात गेला, त्या वेळचा फक्त आवाज रेकॉर्ड झालेला. हेरझोग हेडफोन लावून तो ऐकतो. प्रेक्षकाला तो ऐकवला जात नाही. दिग्दर्शक फ्रेममध्ये आहे, पण कॅमेरा त्याच्या मागच्या बाजूला, आणि आपल्याला दिसतो तो समोर बसलेल्या ट्रेडवेलच्या मैत्रिणीचा चेहरा. ती हेरझोगकडे बघतेय, आणि त्याने काय ऐकलं असेल ते आपण तिच्यावरून वाचतो. ऐकून झाल्यावर तो तिला सांगतो, तू हे कधीही ऐकू नकोस. तिथे दिग्दर्शक हवाच होता, कारण त्याच्याशिवाय ती टेप न ऐकवता तिचं ओझं दाखवता आलं नसतं. पण कॅमेरा कुठे ठेवला ते बघा. हाच सीन उलट्या बाजूने घेतला असता तर तो हेरझोगच्या धक्क्याचा झाला असता.

म्हणून दुसरा कॅमेरा असेल तर तो दिग्दर्शकावर रोखू नका. सुताराच्या हातांवर ठेवा. भावाबद्दल बोलताना तो हातातल्या कापसाला पीळ देत राहतो की थांबतो, हे त्या कॅमेऱ्याने सांगावं.

---

कानसेन

चाचणी प्रदर्शनाबद्दल थोडक्यात. सहा ते आठ माणसं, दिग्दर्शकाला न ओळखणारी. आधी प्रस्तावना नको. दिग्दर्शक खोलीत नको. फिल्म संपल्यावर चर्चा सुरू करण्याआधी प्रत्येकाने लिहून द्यायचं: फिल्म कुणाबद्दल होती, त्या माणसाबद्दल आठवणाऱ्या पाच गोष्टी, दिग्दर्शकाबद्दल आठवणाऱ्या पाच गोष्टी. आधी लिहून घेणं गरजेचं, कारण पहिला माणूस बोलला की बाकीचे त्याचंच म्हणतात. सुताराच्या पाचांत "मेहनती", "साधा", "प्रेमळ" एवढंच येत असेल आणि दिग्दर्शकाच्या पाचांत ठोस तपशील येत असतील, तर काय झालंय ते कळलंच. चांगल्या कटमध्ये हे उलटं असतं: "कानाने फट ओळखतो", "डाव्या अंगठ्याला जुनी जखम", "मापपट्टी वापरत नाही, दोरी वापरतो".

---

नवा_गडी

सगळ्यांचे आभार, खूप कामाचं आहे. एक शेवटचं. सुतार काम करता करता दिग्दर्शकालाच हाक मारतो, "अरे, ती फळी धर जरा", आणि दिग्दर्शक जाऊन धरतो. फ्रेममध्ये त्याचे हात, मग चेहरा, मग दोघं हसतात. कसोटीप्रमाणे हे काढायचं?

---

कात्री

कुठली फळी, यावर आहे. होडीच्या पोटाला गोलाई देण्यासाठी फळी वाफेच्या पेटीत ठेवून मऊ करतात. अंदाज असा की इंचभर जाडीला तासभर वाफ. पेटीतून काढल्यावर ती वाकवून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) अडकवायला फार तर मिनिटभर मिळतं, तेवढ्यात ती निवून पुन्हा ताठ होते आणि जोर केला तर तडकते. लांब फळी असेल तर हे एकट्याचं काम नाही. दुसरा माणूस लागतोच.

तेव्हा हाक ठेवा. ती ऐकताच कळतं की सुताराकडे आता मदतीला कुणी उरलेलं नाही, तो वाफेवरची फळी घेऊन समोर जो असेल त्याला बोलावतोय. हे निवेदनात दहा वाक्यांनी सांगून इतकं पोचणार नाही. दिग्दर्शकाचे हात ठेवा, वाफ, फळीचं दुसरं टोक, सुताराची घाई, शिकंजा आवळल्याचा आवाज, सगळं सलग, एकही कट न करता. चेहरा आणि हसणं काढा. शिकंजा बसल्यावर सुतार पेटीकडे वळून आत आणखी किती फळ्या आहेत ते बघतो का? तो शॉट असेल तर सीन तिथे संपवा.

---

तिपाई

आणि तो शॉट नसेल, तर अजून चित्रीकरण चालू असल्यास पुढच्या फळीच्या वेळी कॅमेरा पेटीच्या तोंडाजवळ पण थोडा बाजूला ठेवा, उघड्या झाकणासमोर नव्हे, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. लेन्स आधी पंधरा-वीस मिनिटं तिथल्याच उष्ण हवेत राहू द्या. फळी धरायला त्या दिवशी ध्वनिवाल्याला पाठवा, बूम स्टँडवर लावून.